सत्यम: जिथे बँकेतली रोकडच खोटी होती

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून खात्यांतला घोळ कबूल केला. गैरव्यवहाराची कबुली इतक्या आकडेवारीनिशी क्वचितच मिळते, म्हणून अकाउंटिंगच्या वर्गात हे पत्र अजून वाचलं जातं. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदाबद्दल त्यात चार आकडे होते. बँकेतली ५,३६१ कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. जमा झालेलं पण हाती न आलेलं ३७६ कोटींचं व्याज काल्पनिक होतं. १,२३० कोटींचं देणं पुस्तकात आलंच नव्हतं. ग्राहकांकडून २,६५१ कोटींची येणी दाखवली होती, त्यात ४९० कोटी फुगवलेले होते. बेरीज ७,१३६ कोटी.

पत्रातला पुढचा परिच्छेद अभ्यासकाच्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे. जुलै ते सप्टेंबर २००८ या तिमाहीत महसूल २,७०० कोटी दाखवला, खरा होता २,११२ कोटी. ऑपरेटिंग नफा ६४९ कोटी म्हणजे २४ टक्के दाखवला, खरा होता ६१ कोटी म्हणजे ३ टक्के. दोन्हीकडे वजाबाकी करून पाहा, फरक ५८८ कोटींचाच येतो. त्या तिमाहीत बँकेतली खोटी शिल्लकही ५८८ कोटींनीच वाढली, असं पत्र सांगतं.

महसूल, नफा आणि रोकड या तिन्ही ठिकाणी एकच आकडा आहे. नफ्याच्या जुळवाजुळवीवर, म्हणजे हिशेबाच्या युक्त्यांनी नफा हवा तसा दाखवण्यावर, झालेल्या संशोधनाला सत्यमने कसा चकवा दिला असता, ते या एका आकड्यातून उलगडतं.

संशोधकांची हत्यारं कशावर चालतात

नफ्याचे दोन भाग पडतात. एक भाग रोख रकमेने आलेला असतो, दुसरा केवळ हिशेबाने: उधारीवरची विक्री, तरतुदी, घसारा, शेवटच्या साठ्याचं मूल्यांकन. या दुसऱ्या भागाला ॲक्रुअल म्हणतात. त्यात व्यवस्थापनाच्या अंदाजाला वाव असतो, म्हणून हात मारला जातो तो तिथेच, असं गृहीत धरून गेल्या चार दशकांतलं बरंचसं संशोधन उभं आहे.

१९९१ साली जेनिफर जोन्स यांनी आयातीपासून संरक्षण मागणाऱ्या अमेरिकी कंपन्यांचा अभ्यास केला. सरकारी चौकशी चालू असलेल्या वर्षात या कंपन्या नफा मुद्दाम कमी दाखवतात का, हा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी समीकरण मांडलं. महसुलातली वाढ आणि स्थिर मालमत्ता यांवरून कंपनीचं ॲक्रुअल किती ‘असायला हवं’ ते काढायचं, प्रत्यक्ष आकड्यातून ते वजा करायचं आणि जे उरेल ते ऐच्छिक, म्हणजे संशयास्पद मानायचं. १९९५ मध्ये डेचो, स्लोन आणि स्वीनी यांनी त्यात दुरुस्ती केली. महसुलाच्या वाढीतून येण्यांची वाढ वजा करा, कारण उधारीची विक्रीच खोटी असू शकते. १९९६ मध्ये रिचर्ड स्लोन यांनी दाखवलं की रोख प्रवाहातून आलेला नफा पुढच्या वर्षी जास्त टिकतो, ॲक्रुअलमधून आलेला कमी.

१९९९ साली मेसोड बेनिश यांनी आठ गुणोत्तरांचा एम-स्कोअर मांडला. गुण उणे १.७८ च्या वर गेले की कंपनी संशयितांच्या यादीत. एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी कोसळण्याच्या तीन वर्षं आधी, १९९८ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी याच पद्धतीने एन्रॉनवर बोट ठेवलं होतं. तेव्हा हत्यार बोथट आहे असं म्हणता येत नाही.

पण या साऱ्यांचा पाया एकच आहे. रोकड खरी मानायची आणि बाकीचं तिच्यावर घासून बघायचं.

सत्यमचे आकडे त्यात घातले तर

ॲक्रुअल म्हणजे नफा वजा व्यवसायातून आलेली रोकड. सत्यमने नफा ५८८ कोटींनी वाढवला आणि रोकडही तेवढीच वाढवली. वजाबाकीत खोटेपणा आपोआप कापला जातो. स्लोनच्या चाळणीतून हा नफा ‘उत्तम दर्जाचा’ म्हणून बाहेर पडेल, कारण त्याच्यामागे रोकड दिसते.

जोन्सच्या सुधारित समीकरणात तर उलटंच घडतं. खोटा महसूल वसूल झाल्याचं दाखवल्यामुळे येणी वाढत नाहीत, म्हणजे महसुलाची सगळी खोटी वाढ समीकरणात ‘खरी’ म्हणून शिरते. महसूल वाढला की अपेक्षित ॲक्रुअल साधारणपणे वाढतं. प्रत्यक्ष ॲक्रुअल मात्र जागच्या जागी. उरणारा फरक ऋण येतो आणि कंपनी सावधपणे, हात राखून हिशेब ठेवते असं चित्र तयार होतं.

बेनिशच्या आठ घटकांपैकी पहिला येण्यांचा. विक्रीच्या तुलनेत येणी फुगली तर संशय. दाखवलेल्या आकड्यांवर तिमाही ९० दिवसांची धरून हिशेब केला तर २,६५१ कोटी म्हणजे ८८ दिवसांची विक्री. खऱ्या आकड्यांवर, म्हणजे २,१६१ कोटींची येणी आणि २,११२ कोटींची विक्री धरून, ९२ दिवस येतात. खोट्या पुस्तकांत कंपनीची वसुली खऱ्यापेक्षा चांगली दिसत होती. दुसरा घटक ढोबळ नफ्याचा दर घसरतोय का ते पाहतो. खोट्या महसुलाला खर्च नसतो, त्यामुळे तो जसजसा वाढतो तसतसा दर वरच चढतो. मालमत्तेच्या दर्जाचा घटक चालू मालमत्ता आणि यंत्र-इमारती सोडून उरलेल्या मालमत्तेचा वाटा मोजतो. बँकशिल्लक चालू मालमत्तेत मोडते, म्हणून ५,०४० कोटींच्या हवेने हा आकडाही सुधारला. आणि सर्वांत जड वजन, ४.६७९, ज्या घटकाला आहे तो एकूण ॲक्रुअलचा. तो काढताना रोकड आधीच वगळली जाते. विक्रीतली वाढ तेवढी संशयाकडे झुकली असती. पण २००३ ते २००८ या काळात कोणती भारतीय सॉफ्टवेअर कंपनी वाढत नव्हती? २४ टक्के मार्जिनही त्या पंक्तीत अजिबात खटकणारं नव्हतं.

याला संशोधनाचं अपयश म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं. वर्षअखेरीची विक्री आदल्या तारखेत ओढणं, बुडीत कर्जाची तरतूद कमी करणं, महसुली खर्च भांडवली दाखवणं, ग्राहकाच्या गळ्यात माल मारून बिल फाडणं, अशा नेहमीच्या जुळवाजुळवीतल्या बऱ्याच प्रकारांचा माग ही गुणोत्तरं काढतात. बँकेचा कागदच बनावट असेल तर बाहेरून गुणोत्तरं मांडणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. तिथे फक्त ऑडिटर पोहोचू शकतो, कारण बँकेला थेट विचारण्याचा मार्ग त्याच्याकडे असतो.

बँकेला पत्र कोणी पाठवलं

५,०४० कोटींची फोड साधारण अशी होती: सुमारे ३,३०० कोटी मुदत ठेवींत आणि सुमारे १,७३० कोटी बँक ऑफ बडोदाच्या न्यूयॉर्क शाखेतल्या चालू खात्यात. दोन्हींसाठी बनावट कागद तयार झाले होते: बँक स्टेटमेंटं, ठेवींच्या पावत्या, शिलकीची पत्रं.

बँक कन्फर्मेशन, म्हणजे खात्यातली शिल्लक बँकेकडूनच लेखी पडताळून घेणं, हे ऑडिटमधलं सर्वांत साधं काम समजलं जातं. अनेक फर्ममध्ये ते आर्टिकलशिप करणाऱ्या, म्हणजे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या, मुलांवर सोपवलेलं असतं. ते नीट करायचं म्हणजे काय? खात्यांची यादी कंपनीने दिली म्हणून पुरी मानायची नाही. गेल्या वर्षीची यादी, बँक चार्जेसचं लेजर (खातेवही) आणि कंपनी निबंधकाकडे नोंदवलेले बोजे यांच्याशी ती ताडायची. बंद झालेली आणि शून्य शिलकीची खातीही घ्यायची. शाखेचा पत्ता किंवा ईमेल कंपनीकडून घ्यायचा नाही, स्वतः शोधायचा. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीने, पण टपालात टाकायचं ऑडिटरने, आणि उत्तराचा पत्ता ऑडिटरच्या कार्यालयाचा. ठेवीवर बोजा किंवा तारण आहे का, हेही त्याच पत्रात विचारायचं. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र. तरीही नाही आलं तर मूळ पावत्या हातात घेऊन पाहायच्या, कंपनीच्या नेट बँकिंगमध्ये आपल्या डोळ्यांसमोर लॉगिन करायला लावायचं आणि वर्षाखेरीनंतर मुदत संपलेल्या ठेवींचे पैसे खरंच खात्यात आले का ते तपासायचं.

सत्यममध्ये यातली मधली कडी सुटली. कंपनीची वैधानिक ऑडिटर होती प्राइस वॉटरहाऊस, बंगळुरू. ५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने प्राइस वॉटरहाऊसच्या भारतातल्या पाच फर्मना ६० लाख डॉलर आणि तिथल्या ऑडिट नियामकाने १५ लाख डॉलर दंड केला. आरोप मान्य वा अमान्य न करता फर्मनी तडजोड केली. कमिशनचा मुख्य निष्कर्ष असा की पत्रं पाठवण्याचं आणि उत्तरं घेण्याचं काम ऑडिट पथकाने पूर्णपणे कंपनीच्या हाती सोडलं होतं, आणि ही सवय एका सत्यमपुरती नव्हती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असाच तो प्रकार.

काही बँकांची उत्तरं ऑडिटरकडे थेटही आली होती आणि त्यांतल्या शिलका कंपनीने आणून दिलेल्या पत्रांपेक्षा कितीतरी कमी होत्या. हेही नियामकांच्या आदेशांत नोंदलेलं आहे. १९८१ साली लिंडा डीअँजेलो यांनी ऑडिटच्या दर्जाची जी व्याख्या केली ती इथे आठवते: चूक सापडण्याची आणि सापडल्यावर ती जाहीर होण्याची एकत्रित संभाव्यता. सत्यमच्या फाइलमध्ये पुरावा आला होता, पण त्याला ‘सापडला’ म्हणणारं कोणी नव्हतं. गंमत अशी की संशोधनाच्या डेटाबेसमध्ये ऑडिटचा दर्जा मोजायला ‘मोठ्या चारपैकी फर्म आहे का’ हा रकाना सर्रास वापरतात; हे चार म्हणजे जगातली सर्वांत मोठी ऑडिट नेटवर्क, प्राइस वॉटरहाऊसचं त्यांतलंच एक. सत्यमच्या रकान्यात तिथे ‘होय’ येतं.

व्याजाची तोंडी आकडेमोड

बँकेचं उत्तर न मागवताही एक चाचणी करता आली असती. मुदत ठेवींची वर्षभरातली सरासरी शिल्लक काढायची, तिला त्या वेळच्या व्याजदराने गुणायचं आणि नफा-तोटा पत्रकातल्या व्याजाशी ताडायचं. मग टीडीएसची बाजू. भारतातल्या ठेवीच्या व्याजावर बँक कर कापते, म्हणून प्रमाणपत्रातल्या करावरून उलट गणित करून व्याज आणि व्याजावरून मुद्दल काढता येतं. खोट्या ठेवीवर कोणतीच बँक कर भरत नाही. तेव्हा ही प्रमाणपत्रं कागदी होती आणि कंपनीच्या हातून येत. आता आयकर खात्याच्या पोर्टलवर पॅनच्या नावाने झालेली कपात थेट दिसते, ती ऑडिटरने स्वतः समोर उघडायला लावावी.

पत्रातल्या आकड्यांवरही एक प्रश्न पडतो. ३,३०० कोटींच्या ठेवींवर ३७६ कोटींचं थकलेलं व्याज म्हणजे मुद्दलाच्या ११ टक्क्यांहून जास्त. दर ९ टक्के धरला तर हे जवळपास १५ महिन्यांचं व्याज झालं. सगळ्या ठेवींवर सरासरी सव्वा वर्ष व्याज हातात येत नाही, मुदतही संपत नाही, असं कसं? ठेवी संचयी (व्याज मुदतीअखेर एकदम देणाऱ्या) आणि दीर्घ मुदतीच्या असतील तर उत्तर मिळू शकतं, पण मग दुसरा प्रश्न येतो. खेळत्या भांडवलाची गरज असलेली कंपनी एवढा पैसा अडकवून का ठेवते, आणि न्यूयॉर्कच्या चालू खात्यात १,७०० कोटींहून जास्त रक्कम का पडून राहते? रोकड जास्त दिसली की ऑडिटर निर्धास्त होतो. रोकड व्यवसायाच्या गरजेपेक्षा फारच जास्त असेल तर तीही संशयाची खूण मानावी, हे सत्यमनंतर वर्गात शिकवलं जाऊ लागलं.

लपवलेली बिलं

महसुलाची बाजू केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात उघड झाली. सत्यममध्ये बिल तयार व्हायला ठरलेली वाट होती. कर्मचारी टाइमशीट भरायचे, त्यावरून प्रकल्पाचं देयक बनायचं, ते इन्व्हॉइस प्रणालीत जायचं आणि तिथून मुख्य लेजरमध्ये. बनावट बिलं आधीचे टप्पे गाळून ‘सुपर यूजर’च्या, म्हणजे प्रणालीत काहीही बदलू शकणाऱ्याच्या, अधिकाराने थेट इन्व्हॉइस प्रणालीत घातली गेली. त्यांच्यावर ‘एच’ अशी खूण होती. नेहमीच्या बिलांवर ‘एस’ असायची. ‘एच’ची बिलं व्यवसाय विभागांच्या पडद्यावर दिसत नसत, त्यामुळे प्रकल्प सांभाळणाऱ्याला आपल्या ग्राहकाच्या नावाने कोणी भलतं बिल काढलंय याचा पत्ता नसे. एप्रिल २००३ ते डिसेंबर २००८ या काळातल्या सुमारे ७५ हजार बिलांपैकी ७,५६१ अशी निघाली, एकूण ५,११७ कोटी रुपयांची.

म्हणजे दर दहा बिलांमागे एक. लेजरमधून २५ बिलं कुठलाही पक्षपात न करता उचलली तर त्यात एकही खोटं न येण्याची शक्यता ७ टक्क्यांच्या आसपास राहते. ६० उचलली तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. नमुना तपासणीला एवढं सोपं सावज क्वचित मिळतं. फक्त उचललेल्या बिलाचं पुढे काय करायचं, त्यावर सारं अवलंबून आहे. बिलाची छापील प्रत आणि बँकेतली जमा एवढंच जुळवलं तर दोन्ही बनावट कागद एकमेकांना साक्ष देतात. माग उलट्या दिशेने काढावा लागतो: बिलावरून कामाच्या ऑर्डरकडे, तिथून त्या महिन्यातल्या टाइमशीटकडे, टाइमशीटवरल्या माणसाच्या पगाराकडे. खोटं बिल या वाटेवर पहिल्या-दुसऱ्या पावलातच अडकतं, कारण त्याच्यामागे काम करणारं माणूस नसतं. शिवाय इन्व्हॉइस प्रणालीतली बेरीज आणि टाइमशीट प्रणालीतून निघणारी देयकांची बेरीज महिन्यागणिक शेजारी ठेवली असती तर नमुन्याचीही गरज नव्हती.

पगार कशातून होत होते

खरा ऑपरेटिंग नफा ३ टक्के आणि पुस्तकांत २४ टक्के, तर पगार, लाभांश आणि कर यांना खरा पैसा कुठून येत होता? उत्तर त्या १,२३० कोटींत आहे. पत्रानुसार प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकून आणि इतर मार्गांनी दोन वर्षांत हा पैसा उभा केला आणि कंपनीत घातला. पुस्तकात कर्ज म्हणून तो आला नाही. नंतर ३७ कंपन्यांनी या रकमेवर दावा सांगितला.

प्रवर्तकांच्या हातात तेव्हा सत्यमचे सुमारे ८ ते ९ टक्केच शेअर होते. नफा खराब दाखवला तर कंपनी दुसरं कोणी गिळेल आणि पुस्तकांतली पोकळी उघडी पडेल, ही भीती पत्रात स्पष्ट लिहिली आहे. १६ डिसेंबर २००८ ला जाहीर झालेला मायटासचा सौदा त्यातूनच आला. राजू कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या १६० कोटी डॉलरला घ्यायच्या, म्हणजे खोटी रोकड कागदावर बाहेर जाईल आणि तिच्या जागी खरी जमीन व प्रकल्प येतील. गुंतवणूकदार खवळले, न्यूयॉर्कमध्ये सत्यमचा भाव निम्म्याहून खाली आला आणि काही तासांत सौदा मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी पत्र आलं.

पुढे काय बदललं

सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून नवं नेमलं आणि एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने ५८ रुपये प्रति शेअर दराने कंपनीतला मोठा हिस्सा जिंकला. बोली खरी पुस्तकं हातात नसतानाच लावावी लागली. फेरहिशेब सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि २००८-०९ चा तोटा ८ हजार कोटींच्या वर निघाला. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू, त्यांचे बंधू आणि ऑडिट फर्मच्या दोन भागीदारांसह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. अपिलात शिक्षा स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला. सेबीने जानेवारी २०१८ मध्ये प्राइस वॉटरहाऊस नेटवर्कला सूचिबद्ध कंपन्यांच्या ऑडिटवर दोन वर्षांची बंदी घातली, ती अपिलीय न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये उठवली.

२०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांत ऑडिट फर्मला सलग दहा वर्षांची मर्यादा घातली. सत्यममध्ये तीच फर्म २००० पासून होती, पण घोटाळा फुटला तेव्हा दहा वर्षं भरली नव्हती. केवळ फेरपालटाने तो आधी सापडला असता, असं म्हणायला आधार नाही. २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आलं आणि ऑडिट फाइल तपासण्याचा अधिकार सनदी लेखापालांच्या स्वतःच्या संस्थेबाहेर गेला. हा बदल मला फेरपालटापेक्षा वजनदार वाटतो, कारण कन्फर्मेशनचा हलगर्जीपणा फाइल उघडल्यावरच दिसतो.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमाने कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीच्या बदलाची खूण, म्हणजे एडिट लॉग, ठेवणं बंधनकारक केलं आणि तो वर्षभर चालू होता का, हे ऑडिटरने अहवालात सांगायचं असतं. सुपर यूजरने घातलेली नोंद कोणाच्या आयडीवरून, कोणत्या वेळी आली हे आता दिसायला हवं. पण बिल बनवणारी प्रणाली वेगळी आणि लेजर वेगळं असेल तर लॉग दोन्हीकडे चालू आहे का, हे वेगळं तपासावं लागतं, आणि अहवालांत बरेचदा फक्त मुख्य लेजरचाच उल्लेख असतो. बनावट बँक स्टेटमेंट तर सॉफ्टवेअरच्या बाहेर तयार होतं. जर्मनीच्या वायरकार्डमध्ये २०२० साली फिलिपिन्सच्या दोन बँकांत असल्याचं सांगितलेले १९० कोटी युरो गायब निघाले, तेव्हाही अडलं ते खात्यांच्या दाखल्यांपाशीच. त्या बँकांना थेट विचारल्यावर उत्तर आलं की ही कंपनी आमची ग्राहकच नाही.